काळ्या मातीवरचं कृत्रिम गवत, घरातला कुत्रा आणि दर पावसाळ्यात परत येणारा वास

पुणे, नाशिक, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर. गावं वेगळी, तक्रार एकच. बंगल्याच्या मागच्या अंगणात काळी माती, तिच्यावर टाकलेलं कृत्रिम गवत आणि त्या गवतावर दिवसातून चार-पाच वेळा जाणारा कुत्रा. उन्हाळाभर सगळं बरं चालतं. जूनचे पहिले पाऊस झाले की फोन सुरू होतात: "ताई, अंगणात उभं राहवत नाही. टर्फ खराब निघालं, बदलून द्या."

टर्फ सहसा खराब नसतं. नवीन टाकण्यापेक्षा दुसऱ्यांनी टाकलेलं उचलून दुरुस्त करण्याचंच काम माझ्याकडे जास्त येतं. त्यात बिघाड बहुतेक वेळा गवताखालच्या चार-सहा इंचांत सापडतो. पाणी आत जातं, पण बाहेर पडायला त्याला वाटच ठेवलेली नसते. त्याच बुडावर नवं गवत टाकलं की दोन-तीन महिन्यांत तोच वास येतो, फक्त खिसा हलका होतो. म्हणून आधी तपासा, मग खर्च करा. खालचा क्रम स्वस्तातून महागाकडे जाणारा आहे, मधली पायरी गाळू नका.

कोकणात किंवा गोव्यात जांभ्यावर राहणाऱ्यांना यातलं निम्मं लागू नाही, कारण जांभा पाणी मुरवतो. पण भराव म्हणून चिकण माती आणून टाकली असेल, तर पुढचं सगळं वाचा.

आधी लक्षणं

वास दोन तऱ्हेचा असतो आणि त्यातला फरक ओळखता आला की अर्धं काम होतं. भर उन्हात, ठरावीक दोन-तीन जागी, नाकाला झोंबणारा वास येत असेल तर तो अमोनियाचा आहे. लघवीतल्या युरियाचं जिवाणू अमोनियात रूपांतर करतात. हा वास वरच्या थरातला, म्हणजे पात्यांतला आणि इनफिलमधला, म्हणजे पात्यांच्या बुडाशी भरलेल्या वाळूतला किंवा दाण्यांतला. दुसरा वास पहाटे, संध्याकाळी, पाऊस पडून गेल्यावर येतो. तो अंगणभर पसरलेला असतो आणि त्याला कुजकट, गटारासारखी झाक असते. हा खाली साचलेल्या पाण्याचा.

मग पायाखालचं बघा. चालताना पचपच होतंय का, पावलाभोवती बुडबुडे येतात का, पाऊस थांबून एक दिवस उलटला तरी तसंच आहे का. पात्यांच्या बुडाशी काळा, लोण्यासारखा गाळ वर आलाय का. पावसाळ्यात उंचवटे आणि एप्रिल-मेमध्ये खोलगट जागा होतात का. उन्हाळ्यात कडेला बोट जाईल एवढी फट पडते का, दोन पट्ट्यांमधला जोड उसवतो का.

कुत्र्याकडेही लक्ष द्या. नेहमीचा कोपरा सोडून तो फरशीवर किंवा गाडीच्या चाकापाशी जायला लागला असेल, तर त्याच्या नाकाने तुमच्या आधी निकाल दिलेला असतो. पंजे सारखे चाटत असेल, बोटांमधली कातडी लाल झाली असेल, तर टर्फवाल्याच्या आधी पशुवैद्याला दाखवा. तसंच वास अचानक वाढला आणि कुत्रा नेहमीपेक्षा जास्त पाणी पितोय, वारंवार लघवीला जातोय किंवा लघवीत रक्त दिसतंय, तर तो गवताचा प्रश्नच नाही. मूत्रपिंड, मधुमेह, लघवीचा संसर्ग, मादी असेल तर गर्भाशयाचा संसर्ग, यातलं काहीही असू शकतं.

काळी माती अशी का वागते

दख्खनच्या बेसॉल्टपासून बनलेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकण-खनिज भरपूर असतं. ते पाणी शोषून फुगतं आणि वाळलं की आकसतं. म्हणून मे महिन्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस त्या भेगांतून सरसर आत जातो आणि मालकाला वाटतं, वा, निचरा झकास आहे. चार-पाच पावसांत माती फुगते, भेगा मिटतात आणि दार बंद. ओल्या चिकण मातीत तासाला १ ते ५ मिलिमीटर पाणी मुरलं तरी पुष्कळ.

आता हिशेब करा. २०० चौरस फुटांच्या अंगणात २५ मिलिमीटरची एक सर पडली की साडेचारशे लिटरपेक्षा जास्त पाणी येतं. खाली चार इंच खडी असेल तर तिच्या पोकळ्यांत साधारण ४० मिलिमीटर पाऊस मावतो. म्हणजे दुसऱ्या सरीला खड्डा काठोकाठ. त्यात कुत्र्याची भर: निरोगी कुत्रा वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण २० ते ४० मिलिलिटर लघवी करतो. ३० किलोच्या लॅब्रेडॉरची महिन्याला १८ ते ३६ लिटर झाली. यातली निम्मी जरी गवतावर होत असेल, तरी ती त्या बंद खड्ड्यात मुरत पडते.

फुकटातली पहिली तपासणी: बाहेरचं पाणी

गवताला हात लावण्याआधी अंगणाभोवती एक चक्कर मारा. गच्चीच्या पाइपाचं तोंड टर्फवर उघडतंय का? टाकी भरून वाहते तेव्हा पाणी कुठे पडतं? एसीची नळी कुठे सोडली आहे? शेजारच्या वाफ्याला रोज पाणी घालता आणि वाफा टर्फपेक्षा उंच आहे का? गाडी धुतलेलं पाणी?

गच्चीचा एक पाइप अख्ख्या छताचं पाणी एका जागी ओततो. वीस फूट पाइप जोडून त्याचं तोंड चेंबरकडे वळवलं आणि तक्रार तिथेच मिटली, अशी घरं मी पाहिली आहेत. एसीचं पाणी थेंबथेंबच असतं, पण ऐन मेमध्ये तेवढा एकच कोपरा ओला राहतो. बाकीची माती आकसते, तो कोपरा फुगलेलाच राहतो आणि मालक म्हणतो, "इथे खाली दगड आहे का हो?"

बादली, नाक आणि घड्याळ

दोन दिवस पाऊस नसताना हे करा. जिथे वास जास्त आहे तिथे गुडघ्यावर बसून हुंगा. लाज वाटण्यासारखं काही नाही, या कामात नाकाएवढं अचूक उपकरण नाही. मग त्या जागी एक बादली स्वच्छ पाणी हळूहळू ओता आणि अर्ध्या तासाने परत हुंगा.

वास कमी झाला आणि दोन-तीन दिवसांनी परत आला, तर दोष वरच्या थरात आहे. धुणं आणि इनफिल या दोन गोष्टींत तो सुटेल. ओतल्यावर वास वाढला, तर तुमच्या पाण्याने खालचं साचलेलं वर ढकललंय. तरीही पुढच्या दोन तपासण्या करून घ्या, कारण दोन्ही दोष एकत्र असू शकतात.

बादली ओतताना घड्याळ बघा. पाणी पात्यांत तरंगत राहिलं आणि जायला मिनिटं लागली तर टर्फची भोकं बुजली आहेत. लगेच खाली गेलं पण चार फुटांवर पचपच वाढली, तर भोकं ठीक आहेत, बूड भरलेलं आहे.

भोकं

टर्फच्या पाठीला लॅटेक्स किंवा पॉलियुरेथेनचा थर असतो आणि त्यात ठरावीक अंतरावर निचऱ्याची भोकं पाडलेली असतात. कुत्र्याचे केस, शी उचलल्यावर राहिलेला लगदा आणि धूळ मिळून या भोकांत बूच तयार होतं. केस गळायचा हंगाम झाला की हे हमखास. कडक प्लास्टिकच्या ब्रशने पात्यांच्या उलट्या दिशेने घासा, केस ओढून काढा, मग पाण्याचा जोरदार फवारा मारा. लोखंडी दातांचा पंजा वापरू नका, पाती उपटतात.

काही स्वस्त टर्फना भोकं इतकी विरळ असतात की साफ करूनही भागत नाही. कुत्र्याच्या ठरलेल्या जागी पोकळ पंच आणि हातोडीने जादा भोकं पाडता येतात. खाली खडी असेल तरच हे करा. खाली नुसती माती असेल तर त्या भोकांतून काळा गाळ वर येतो आणि मूळ दुखण्यात एकाची भर पडते.

धुता कसं, कशाने

सगळ्यात जास्त घोटाळा इथे आहे. वास आला की हात फिनाइलच्या बाटलीकडे जातो. फिनाइल वासावर वास चढवतं, युरिया तिथेच राहतो. काळं, कार्बोलिक जातीचं फिनाइल तर कुत्र्याला विषारी आहे आणि मांजरांना त्याहून जास्त. कुत्रं गवतावर लोळतं, मग अंग चाटतं. ते पोटात जातंच.

ब्लीच अजिबात नको. लघवीतल्या अमोनियाशी त्याची गाठ पडली की क्लोरामाइनचे वायू निघतात, डोळे आणि छाती जळते. व्हिनेगरमध्ये ब्लीच मिसळलं तर क्लोरीन. बंद अंगणात, भिंतीच्या कोपऱ्यात हे खरोखर धोक्याचं आहे.

काय करायचं ते सोपं आहे. कुत्रा जाऊन आला की लगेच त्या जागी दोन-तीन तांबे पाणी. वाळण्याआधी घातलेले दोन तांबे हे वाळल्यावर मारलेल्या अर्ध्या तासाच्या फवाऱ्यापेक्षा कामाचे. आठवड्यातून एकदा एन्झाइमचा क्लीनर मारा, तोही संध्याकाळी. एन्झाइम आणि त्यातले जिवाणू ओलाव्यातच काम करतात. दुपारच्या उन्हात मारलं तर दहा मिनिटांत वाळून वाया जातं. त्याच्या आगेमागे फिनाइल किंवा जंतुनाशक वापरलं तर ज्यांनी काम करायचं तेच मरतात. पाहुणे यायचे आहेत आणि आजचा दिवस निभावायचा आहे, तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं फवारा. आम्लामुळे अमोनिया तात्पुरता दबतो. तो इलाज नव्हे, निभावणं आहे.

नर कुत्रा एकाच खांबावर, एकाच कुंडीवर पाय वर करतो. तेवढ्या जागेतलं तीन-चार चौरस फूट टर्फ कापून तिथे धुतलेली खडी भरली तर बाकीचं गवत वाचतं. लोकांना हे दिसायला आवडत नाही, मला फार आवडतं.

तीन आठवडे नेमाने असं धुऊनही वास तसाच राहिला तर पुढे चला.

इनफिल

पात्यांच्या बुडाशी भरलेली वाळू किंवा रबराचे काळे दाणे म्हणजे इनफिल. रबराचे दाणे असतील तर काढून टाका. ते मैदानासाठी असतात, कुत्र्याच्या अंगणात उन्हाने तापतात आणि वास धरतात. साधी वाळूही लघवी धरून ठेवते.

याला पर्याय झिओलाइट नावाचं खनिज. त्याच्या जाळीदार रचनेत अमोनियम अडकून बसतं, त्यामुळे हवेत अमोनिया कमी सुटतो. गंमत म्हणजे आपल्या काळ्या मातीची आई जो बेसॉल्ट, त्याच्याच पोकळ्यांत झिओलाइटचे सुंदर स्फटिक सापडतात आणि पुणे-नाशिक भागातले स्फटिक जगभरातले संग्राहक घेऊन जातात. ते मात्र अंगणात पसरायचे नव्हेत. इनफिलसाठी मिळतो तो बहुधा क्लिनोप्टिलोलाइट जातीचा झिओलाइट. कोळंबीच्या तळ्यांतला अमोनिया कमी करायला झिओलाइट वापरतात, त्यामुळे मत्स्यशेतीच्या सामानाच्या दुकानातही चौकशी करा. फक्त १ ते ३ मिलिमीटरचे दाणेच घ्या, भुकटी नको. भुकटी भोकांत जाऊन चिखल होते. प्रमाण चौरस फुटाला साधारण अर्धा किलो. आधी जुनी वाळू ब्रशने आणि व्हॅक्यूमने जमेल तितकी काढा, नाहीतर नवं जुन्यावर बसतं.

झिओलाइट कायमचं नाही. ते भरतं आणि मग थांबतं. मिठाच्या पाण्याने धुतलं की ते पुन्हा मोकळं होतं, असं सांगतात आणि रसायनशास्त्र म्हणून ते खरं आहे. पण अंगणात करू नका. मिठातलं सोडियम खालच्या काळ्या मातीत उतरलं की मातीचे कण सुटे होऊन आणखी घट्ट बसतात. शेतकऱ्याला चोपण जमीन म्हणजे काय ते विचारा. दरवर्षी उन्हाळ्यात वरचा थर बदला, तेवढं बास.

उतार मोजा

दोन खुंट्या, लाइनदोरी आणि गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी. दोन माणसं, अर्धा तास. घराकडून बाहेरच्या बाजूला दहा फुटांना दीड ते दोन इंच उतार हवा. सपाट असेल तर निचरा नाही. घराकडे उतार असेल तर थांबा, कारण पाणी जोत्याकडे जातंय. काळ्या मातीत जोत्यालगतची जमीन आळीपाळीने फुगून-आकसून भिंतींना तिरक्या चिरा पाडते.

मधे खोलगट जागा आहेत का तेही दोरीवर दिसेल. एखाद-दुसरी असेल तर गवत उचलून खाली बारीक खडी भरता येते. अंगणभर लाटा असतील तर खडी भरत बसू नका, दुसऱ्या वर्षी लाटा जागा बदलतात.

कोपरा उचला

इथपर्यंत उत्तर मिळालं नसेल तर सगळ्यात सखल कोपऱ्यातले खिळे पक्कडीने काढून गवत दोन फूट मागे दुमडा. हातमोजे घाला, बूट घाला. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उंदरांची लघवी असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका माणसाला आणि कुत्र्याला दोघांनाही असतो. कुत्र्याची लेप्टोची लस झाली आहे का तेही याच निमित्ताने बघून घ्या.

नाशिकच्या एका घरात कोपरा उचलला तेव्हा घरमालक काका शेजारी उभे होते. ते दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी डोळे पुसले, इतका अमोनिया. गवताच्या पाठीला करडा, चकचकीत लेप. त्याखाली दगडाची डस्ट, दाबून सिमेंटसारखी झालेली. तिच्यावर बोटभर पाणी आणि पाण्यात पिवळट साय. पहार मारली तर डस्टखाली पिवळा मऊ मुरूम आणि त्याखाली माती. आठवडाभर पाऊस नव्हता, तरी पाणी तिथेच होतं.

हा नमुना मला सगळ्यात जास्त भेटतो. "मुरूम पाणी सोडतो" अशी आपली समजूत. सुटा, कठीण मुरूम सोडतोही. पण पिवळा मऊ मुरूम पसरून वर डस्ट टाकून रोलर फिरवला की तो रस्ता होतो. रस्ते असेच करतात, पाणी आत जाऊ नये म्हणून. पॅडल कोर्ट किंवा गच्ची करणाऱ्या कारागिराला सपाट, कडक बूड हवं असतं आणि तो तेच इथे करून जातो. कुत्रा आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

दुसरा नमुना: खडी आहे, पण तिच्या पोकळ्या काळ्या गाळाने भरल्यात. मूठभर उचलून पाण्याच्या मगात टाका, पाणी काळं होईल. खाली जिओ फॅब्रिक, म्हणजे पाणी सोडणारं पण माती अडवणारं कापड, टाकलेलं नाही, म्हणून ओली माती खडीत वर चढली. तिसरा नमुना: फॅब्रिकऐवजी प्लास्टिकची ताडपत्री. तण येऊ नये म्हणून टाकतात, पाणीही जात नाही. आणि चौथा, माझ्या सगळ्यात नावडीचा: पायाला मऊ लागावं म्हणून टर्फखाली फोम. कुत्र्याच्या अंगणात फोम म्हणजे लघवीचा स्पंज. असेल तर काढा, दुसरं काही करायच्या आधी.

खड्ड्याची चाचणी

अंगणाच्या कडेला, गवताबाहेर, एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. पाणी भरा, जिरू द्या, परत भरा आणि काडीवर खूण करून सकाळी बघा. पहिलं भरणं मोजू नका, ते भेगांत जातं. पावसाळ्यात फुगलेल्या काळ्या मातीत रात्रभरात पाणी जेमतेम बोटभर उतरतं. तसं झालं तर पाणी खाली मुरेल ही आशा सोडा. त्याला आडवं, पाइपातून बाहेर न्यावं लागेल.

शोषखड्डा खोदा असं कुणी सुचवेल. काळ्या मातीतच संपणारा शोषखड्डा हा फक्त मोठा खड्डा असतो, पहिल्या आठवड्यात भरून तसाच राहतो. खालच्या कठीण मुरमापर्यंत पोहोचला तरच तो काम करतो आणि मुरूम कुठे दोन फुटांवर लागतो, कुठे बारा. जिप्सम टाकायचाही सल्ला मिळेल. सोडियमने बिघडलेल्या शेतजमिनीला तो उपयोगी आहे, पण दाबलेल्या बुडाखाली टाकून या पावसाळ्यात काही फरक पडत नाही. पाणी मुरतंय ते जुन्या विहिरीच्या, बोअरच्या किंवा जमिनीखालच्या टाकीच्या बाजूला नाही ना, हे मात्र आत्ताच बघा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

कंपाउंडच्या भिंतीला, जोत्याला किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर गेली असेल आणि ती ऋतूप्रमाणे उघडत-मिटत असेल, तर खोदकाम करू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. जोत्यालगत खोदून ओलावा बदलला तर चीर वाढते. गवत नंतर बघता येतं.

पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी टर्फला लागून असेल आणि तिच्या पाण्याला रंग किंवा वास येत असेल, तर ते पाणी त्या क्षणापासून बंद. टाकी रिकामी करून आतून तपासायला लावा, पाणी प्रयोगशाळेत द्या.

वासात मैल्याची झाक असेल आणि कुत्र्याची जागा सोडून दुसरीकडेच जास्त असेल, तर सेप्टिक टँक किंवा ड्रेनेजची लाइन फुटली असेल. ते काम प्लंबरचं. बागेतल्या दिव्यांची केबल कुठून गेली आहे हे माहीत नसेल तर पहार मारण्याआधी इलेक्ट्रिशियन. आणि कुत्र्याने पाती चावून गिळली असतील, उलट्या होत असतील, शी होत नसेल, तर त्याच दिवशी पशुवैद्य. आतड्यात अडकलेला धागा दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही.

निचऱ्याचा पाइप कुठे जोडायचा हेही प्लंबरला विचारूनच ठरवा. लघवी मिसळलेलं पाणी पावसाच्या गटारात नको, सांडपाण्याच्या चेंबरला हवं, आणि मधे गली ट्रॅप, म्हणजे पाणी धरून वास अडवणारा सापळा, हवा. ट्रॅप नसेल तर गटाराचा वास आणि उंदीर दोन्ही पाइपातून उलटे अंगणात येतात. सोसायटीत असाल तर आधी परवानगी घ्या.

बूड नव्याने करायचंच असेल तर

हंगाम आधी ठरवा. मेमध्ये भेगाळलेल्या मातीवर टाकलं तर जुलैत ती फुगून गवत उचलते. सप्टेंबरच्या फुगलेल्या मातीवर टाकलं तर एप्रिलमध्ये खाली बसतं. दिवाळीनंतर जानेवारीपर्यंत माती मधल्या अवस्थेत असते, तेव्हाच काम घ्या. कंत्राटदार "पावसाआधी उरकून टाकू" म्हणाला तर घाई त्याला आहे, तुम्हाला नाही.

सहा इंच माती काढा. २०० चौरस फुटांत बरोबर एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट निघते आणि सुटी झाल्यावर आणखी फुगते, त्यामुळे ती कुठे टाकायची ते आधी ठरवा. उतार मातीलाच द्या, वरच्या खडीला नव्हे. लोक इथेच चुकतात. पाणी खडीतून खाली जाऊन मातीच्या पाठीवरून वाहतं, आणि ती पाठ सपाट असेल तर वरच्या उताराचा उपयोग शून्य. सखल बाजूला, जोत्यापासून निदान तीन फूट दूर, एक फूट खोल चर घ्या. त्यात ४ इंची छिद्रांचा पीव्हीसी पाइप, छिद्रं खालच्या बाजूला, दहा फुटांना सव्वा इंच उतार, भोवती २० मिलिमीटरची खडी, आणि सगळं जिओ फॅब्रिकमध्ये गुंडाळलेलं. दुसऱ्या टोकाला पाइप जमिनीच्या वर आणून झाकण लावा, म्हणजे वर्षातून एकदा पाणी सोडून धुता येतो.

मातीवर २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचं) न विणलेलं जिओ फॅब्रिक, जोडाला एक फूट चढवलेलं, कडांना वर वळवलेलं. त्यावर तीन-चार इंच २० मिलिमीटरची धुतलेली खडी, वर इंचभर १० मिलिमीटरची, आणि शेवटी पातळ थर ६ मिलिमीटरच्या ग्रिटचा. प्रत्येक थर प्लेट कॉम्पॅक्टरने बसवा. कुठल्याही थरात डस्ट नको, क्रश सँड नको. ट्रक आला की आधी एक घमेलं पाण्यात धुऊन बघा. पाणी राखाडी, दाट झालं तर माल परत.

पीसीसी, म्हणजे सळ्या नसलेलं साधं काँक्रीट, करून टाकू, झंझट नको, असा आग्रह होतो. काळ्या मातीवरची दोन-तीन इंचांची पीसीसी दोनेक वर्षांत तडकते आणि तडा गेला की उतार गेला. पीसीसी आधीच आहे आणि शाबूत आहे, तर तिच्यावर ड्रेन सेलचे जाळीदार पॅनेल टाकून वर टर्फ अंथरा. गच्चीवरच्या बागेला वापरतात तेच. हा चांगला, स्वस्त मार्ग आहे.

टर्फ कुत्र्यासाठी २५ ते ३५ मिलिमीटर पुरे. लांब पाती मऊ लागतात पण केस आणि शी धरतात. जोड उताराच्या दिशेने घ्या, आडवा नको. कडांना नुसते खिळे काळ्या मातीत टिकत नाहीत, उन्हाळ्यात भेग पडली की सैल होतात. खडीवर बसवलेली विटांची किंवा प्लास्टिकच्या पट्टीची कड करा आणि गवत तिला बांधा. एक बाजू भिंतीला चिकटवून दुसरी मोकळ्या बुडावर ठेवलीत तर मधे फाटेल.

एप्रिल-मेमध्ये उन्हातलं टर्फ ६० अंशांच्या वर सहज जातं. तळहात पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याला सोडू नका. शेडनेट लावा किंवा पाणी मारून थोडा वेळ थांबा.

काम संपल्यावर उरलेले पैसे देण्याआधी वरच्या कोपऱ्यात पाइप सोडून अर्धा तास पाणी चालू ठेवा आणि चेंबरचं झाकण उघडून बघा. निचऱ्याच्या पाइपातून धार यायला हवी आणि नळ बंद केल्यावर थोड्या वेळात ती थांबायला हवी. धारच आली नाही तर कारागिराला तिथेच थांबवा, चर उघडायला लावा. पहिल्या जोरदार पावसातही हेच परत बघा. पाणी गढूळ काळं येत असेल तर फॅब्रिकचा जोड कुठेतरी सुटलाय. तो आताच धरला तर एका कोपऱ्याचं काम आहे, पुढच्या वर्षी सगळी खडी धुवावी लागेल.